चौसष्ट माइक, एक ठोका

माझ्या रूममेटचा ईसीजी चार वेळा नॉर्मल आला. ती खोटं बोलतेय असं तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण सूर तोच होता. "परीक्षा जवळ आलीय का?" "जेवण वेळेवर होतं का?" "चहा कमी कर बाळा." एका दवाखान्यातून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, घरी गेल्यावर आजीने दृष्ट काढली आणि आम्ही मैत्रिणींनी (लिहितानाही लाज वाटते) 'पॅनिक अटॅक' असं परस्पर ठरवून तिला श्वासाच्या व्यायामाचे व्हिडिओ पाठवले.

तिचं म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून एकच होतं. "अगं, धडधड वाढत वाढत जात नाही. बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण दाबल्यासारखीच बंद होते."

ती ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. पाचव्या वेळी हे झालं ते नदीपात्रातल्या सरावात. पथकातल्या एका दादाने प्रश्न न विचारता तिला स्कूटरवर बसवलं आणि सगळ्यात जवळ जिथे ईसीजी मशिन होतं तिथे नेलं. नशीब असं, की पोचेपर्यंत ते थांबलेलं नव्हतं. मशिनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. मिनिटाला १९० ठोके, एकदम एकसारखे, घड्याळ लावून वाजवल्यासारखे. त्या एका पट्टीने चार नॉर्मल रिपोर्ट खोटे पाडले. खरं तर खोटे नाही, ते वेळ टळून गेल्यावर काढलेले होते, इतकंच.

पुढे कॅथलॅब, जांघेतल्या शिरेतून हृदयात सोडलेल्या बारीक तारा, आणि दुसऱ्या दिवशी घरी. पण टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांनी तिला जे सांगितलं ते तिने मला किमान तीनदा तरी ऐकवलंय: "तुझी केस सोपी. तुझी धडधड आम्ही हवी तेव्हा सुरू करू शकतो आणि ती टिकते. अवघड कोणती माहितीये? जी टेबलावर एकदाच येते, दोन सेकंद राहते आणि जाते. किंवा जी सुरू राहिली तर पेशंटच राहत नाही."

मग अशा वेळी काय करतात? या प्रश्नामागे लागले आणि हातात आलं एक भन्नाट यंत्र, कुणी फारसं बोलत नाही असं. हृदयाच्या आत जायचं, पण भिंतीला हात लावायचा नाही. मधोमध थांबून फक्त ऐकायचं.

थोडं मागून सुरुवात करू. आपल्याला ऐकू येतो तो ठोका म्हणजे झडपा बंद होण्याचा आवाज. त्याआधी वीज येऊन गेलेली असते. उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, सायनस नोड नावाचा पेशींचा छोटासा पुंजका आहे. तिथून विजेची लाट निघते, दोन्ही अलिंदांवर पसरते, मधल्या एका नाक्यावर क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत, निलयांत, उतरते. (हा पुंजका शोधणाऱ्या दोघांपैकी मार्टिन फ्लॅक हा तेव्हा चक्क मेडिकलचा विद्यार्थी होता. सुट्टीत इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ यांच्या घरी चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या 'मोल' नावाच्या प्राण्याचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्याला तो दिसला. १९०७ मध्ये दोघांच्या नावाने पेपर आला. सुट्टीत आपण काय करतो, हा विषय नको.)

ही वीज शरीराबाहेरून मोजता येते हे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये दाखवलं. त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून शांत उभा राहायचा आणि वॉलर लोकांना त्याच्या हृदयाची वीज दाखवायचे. रॉयल सोसायटीतल्या अशाच एका प्रयोगावरून ब्रिटिश संसदेत कुत्र्याचा छळ होतोय का, असा प्रश्नही विचारला गेला. गंमत म्हणजे हॉस्पिटलात या तंत्राचा फार उपयोग होईल असं खुद्द वॉलरना वाटत नव्हतं. आज ईसीजीशिवाय हॉस्पिटलची कल्पना करून बघा.

पण ईसीजीला एक मर्यादा आहे, आणि ती रूममेटने मला पथकाच्या भाषेत समजावली. पथक गोल रिंगण करून वाजवतंय. ताशा सुरुवात देतो, ढोल त्याच्या मागून येतात. तुम्ही रिंगणाबाहेर, दोन गल्ल्या सोडून उभे आहात. ठेका चुकला हे तुम्हाला तिथूनही कळेल. अंदाजे कुठल्या बाजूला चुकला हेही कान तयार असेल तर कळेल. पण साठ ढोलांपैकी नेमक्या कुठल्या ढोलाने ताशाच्या आधी टिपरू हाणलं? तिथून नाही सांगता येणार. ईसीजी छातीवर, हातापायांवर, म्हणजे दोन गल्ल्या सोडून उभा असतो.

आणि डॉक्टरांना तर नेमका तोच ढोल हवा असतो. कारण आता त्यावर इलाज आहे. तारेचं टोक त्या जागेवर टेकवायचं, रेडिओ लहरींनी ती जागा तापवायची. पन्नास अंशांच्या वर गेल्यावर तिथल्या पेशी कायमच्या गप्प होतात. डाग जेमतेम काही मिलिमीटरचा. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. जागा चुकली तर एक तर काही उपयोग नाही, नाहीतर शेजारची चांगली वाट कायमची बंद. हे दुसरं झालं तर पेशंटला पेसमेकर बसवावा लागू शकतो, म्हणून नकाशा बरोबर असणं ही हौस नाही.

प्रत्येक वेळी एकच ढोल बिघडलेला असतो असंही नाही. कधी कधी लाट गोल गोल फिरत राहते. वानखेडेवर प्रेक्षकांची लाट बघितली असेल. एकदा सुरू झाली की स्टेडियमला फेऱ्या मारत राहते, सुरू कुणी केली हा प्रश्नच उरत नाही. हृदयातही असं होतं हे जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण शास्त्रज्ञाने १९१३-१४ च्या सुमारास कासवाच्या हृदयापासून केलेल्या कड्यांवर दाखवलं. लाट खरंच फिरतेय का हे ओळखायची त्याची कसोटी सोपी होती: कडं एका जागी कापा. लाट थांबली तर ती फिरत होती. शंभर वर्षांनंतरचं अ‍ॅब्लेशन अनेकदा नेमकं हेच करतं. माइन्स स्वतः १९१४ मध्ये आपल्याच प्रयोगशाळेत, उपकरणं अंगाला जोडलेल्या अवस्थेत बेशुद्ध सापडला आणि वाचला नाही. तो स्वतःवरच प्रयोग करत असावा असं मानलं जातं. वय २८.

मग जागा शोधायची कशी? नेहमीची पद्धत म्हणजे पंचनामा. तारेचं टोक भिंतीला एका ठिकाणी टेकवायचं, लाट इथे किती वाजता आली ते नोंदवायचं. सरकायचं, पुन्हा टेकवायचं. १९९० च्या दशकात तारेचं टोक नेमकं कुठे आहे हे चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने कॉम्प्युटरवर दिसू लागलं आणि या नोंदींचा रंगीत थ्रीडी नकाशा बनू लागला. झकास काम. फक्त एक अट: साक्षीदार जागेवर हवा. बिघडलेला ठेका पुन्हा पुन्हा, तसाच, शे-दीडशे वेळा वाजत राहायला हवा. रूममेटचा वाजला. पण निलयांतून निघणारी काही धडधड अशी असते की ती सुरू होताच रक्तदाब कोसळतो. मेंदूला रक्त पुरत नाही. तिथे "थांबा, अजून चाळीस पॉइंट राहिलेत" म्हणायची सोय नाही. शॉक देऊन ती बंदच करावी लागते. आणि काहींमध्ये ती टेबलावर झोपल्यावर यायचंच नाव घेत नाही. दिवसभरात दोन-चार चुकार ठोके येतात, बस.

इथे रिंगणाच्या मधोमध उभं राहायची कल्पना येते. इटलीतल्या पार्मा इथले ब्रुनो ताकार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात निलयाच्या पोकळीत ऑलिव्हच्या आकाराचा, अंगभर इलेक्ट्रोड लावलेला प्रोब ठेवला आणि एकाच ठोक्यावरून तो ठोका कुठून निघाला हे शोधता येतं असं दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका कंपनीने माणसासाठी त्याचं रूप घडवलं: एन्साइट. एका कॅथेटरच्या टोकाला फुगा. फुगा फुगवल्यावर त्यात साडेसात मिलिलिटर द्रव मावतं, म्हणजे घरातला दीड चमचा. फुग्यावर केसाएवढ्या जाडीच्या ६४ तारांची जाळी. प्रत्येक तारेवरचं वेष्टण लेझरने एका जागी खरवडलेलं. तोच तिचा कान. हा फुगा कप्प्याच्या मध्ये तरंगत राहतो, रक्त त्याच्या बाजूने वाहत राहतं. भिंतीला तो टेकत नाही.

कप्प्याचा आकार कळण्यासाठी दुसरी एक तार आत फिरवतात. तिच्या टोकातून साधारण ५.७ किलोहर्ट्‌झचा बारीकसा सिग्नल निघतो, फुग्याच्या वर-खाली असलेली कडी तो पकडतात आणि टोक आत्ता कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं. टोक भिंतीवरून फिरवलं की आतल्या खोलीचा साचा तयार. मग ६४ कानांनी ऐकलेल्यावरून कॉम्प्युटर भिंतीवरच्या ३,३६० जागांचा सिग्नल हिशेबाने काढतो. या ३,३६० जागांवर प्रत्यक्षात काहीही टेकलेलं नसतं. पडद्यावर भिंत जांभळी दिसते. ठोका पडतो, एका जागी पांढरा ठिपका उमटतो आणि सांडलेल्या दुधासारखा पसरत जातो. सगळं एका ठोक्यात. शॉक द्यायची वेळ येण्याआधी दोन-चार ठोके टिपले की नकाशा हातात.

हे तंत्र माणसाच्या डाव्या निलयात वापरून त्याची पारख करणारा एक महत्त्वाचा पेपर १९९८ मध्ये आला. रिचर्ड शिलिंग, निकोलस पीटर्स आणि विन डेव्हिस यांचा. हॉस्पिटल कुठलं? सेंट मेरीज, लंडन. वॉलर यांनी जिथे बाहेरून पहिल्यांदा ऐकलं, तिथेच १११ वर्षांनी हे आतून ऐकणं.

आता तो 'हिशेब' म्हणजे काय, ते. इंजिनीअरिंगवाल्यांनो, कान टवकारा. एम-थ्रीच्या पेपरात "हे कुठे वापरतात?" असं वैतागून विचारलेलं आठवतंय ना? इथे. लाप्लासचं समीकरण. (ट्रान्सफॉर्म नाही, समीकरण. माणूस तोच.) ठोक्याची वीज भिंतीतल्या स्नायूत तयार होते, रक्तात नाही. रक्त फक्त ती वाहून नेतं. त्यामुळे भिंत आणि फुगा यांच्या मधल्या रक्तात व्होल्टेज लाप्लासचं समीकरण पाळतं. भिंतीवरचं व्होल्टेज माहीत असेल तर फुग्यावर किती असेल हे काढणं सरळ आहे. आपल्याला उलटं करायचंय: फुग्यावरचं माहीत आहे, भिंतीवरचं हवंय. गणितात याला व्यस्त प्रश्न म्हणतात, आणि तो नावाप्रमाणेच वागतो.

पहिली अडचण हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच सांगून ठेवली होती. बाहेरच्या व्होल्टेजवरून आतले विजेचे स्रोत नेमके कसे आहेत हे एकमेव उत्तर म्हणून काढता येत नाही. वेगवेगळ्या मांडण्या बाहेरून अगदी सारख्या दिसू शकतात. कॅन्टीनचं बिल साठ रुपये झालं, एवढ्यावरून कुणी काय खाल्लं ते सांगा बघू. म्हणून इथे प्रश्नच लहान केला जातो. स्नायूच्या आत कोणत्या पेशी काय करतायत ते विचारायचं नाही. फक्त भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर व्होल्टेज किती, एवढंच विचारायचं. या प्रश्नाला एकच उत्तर असतं.

पण ते उत्तर हाताला लागताना भयंकर थरथरतं. भिंतीवरचे बारकावे फुग्यापर्यंत येता येता पुसट होतात. उलट जाताना ते पुसट झालेलं पुन्हा ठळक करावं लागतं, आणि त्यासोबत मोजमापातली चूकही ठळक होते. रात्री काढलेला धूसर फोटो फोनवर 'शार्प' करून बघा: चेहरा थोडा नीट होतो, पण दाणे भसाभस वर येतात. यावर उपाय आंद्रेई तिखोनोव या सोव्हिएत गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. जमिनीवरून मोजमाप करून खालचं पोट ओळखायच्या कामाशीही त्यांचा संबंध होता, आणि दुखणं तेच होतं. उपाय साधारण असा: डेटाशी जुळणाऱ्या अनेक उत्तरांमधून फार वेडंवाकडं नसलेलं उत्तर पसंत करा. थोडा खरेपणा सोडा, त्या बदल्यात स्थिरता घ्या. किती सोडायचा, ते कुणीतरी ठरवतं. मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. पडद्यावरचा सुंदर रंगीत नकाशा फोटो नाही, एक समंजस अंदाज आहे. नकाशा गुळगुळीत केला की हार्ट अटॅकने पडलेल्या व्रणाचा बारीक काठही गुळगुळीत होऊ शकतो, आणि लाट नेमकी त्या काठानेच फिरत असू शकते.

दुसरी मर्यादा सेंट मेरीजच्या अभ्यासातच दिसली. फुग्याच्या मध्यापासून साधारण ३४ मिलिमीटरच्या पलीकडे अंदाज ढासळू लागतो. आता विचार करा: धोकादायक धडधड कोणाला? बऱ्याचदा ज्यांचं हृदय आजाराने मोठं झालंय त्यांना. म्हणजे गरज जास्त तिथेच भिंत लांब. शिवाय फुग्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं, आणि फुग्याने अडवलेल्या जागेतून दुसरी तार वळवणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवरून सायकल काढणं. त्यामुळे हा फुगा घराघरांत, म्हणजे कॅथलॅब-कॅथलॅबमध्ये, पोचला नाही. दरम्यान भिंतीला टेकणाऱ्या तारांनाच एकावेळी अनेक इलेक्ट्रोड आले आणि काही मिनिटांत हजारो पॉइंट घेता येऊ लागले. पंचनामा वेगवान झाला. पण त्यालाही ठोका पुन्हा पुन्हा यावाच लागतो, ही अट काही गेली नाही.

म्हणून कल्पना मेली नाही, बाहेर निघाली. अमेरिकेत योरम रूडी यांनी छातीभोवती अडीचशेच्या आसपास इलेक्ट्रोडचं जॅकेट आणि सीटी स्कॅन यांची सांगड घालून तोच उलटा हिशेब कातडीपासून हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत केला. शिरेत काहीच घालायचं नाही. अंतर मात्र वाढलं, त्यामुळे थरथरही वाढली. दुसरी वाट आणखी लांबची: कातडीलाही स्पर्श नको. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र असतंच. हृदयाचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढं, तरी गेरहार्ड बाउल आणि रिचर्ड मॅकफी यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत लाखो वेढ्यांच्या कॉइल वापरून ते पकडलं. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात स्क्विड नावाच्या अतिसंवेदनशील सेन्सरवर चालणारी अशी यंत्रणा उभारली आहे. तो सेन्सर द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बसवावा लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात हे यायला वेळ आहे.

"माझं स्मार्टवॉच पण बिना-वायरचं सांगतं की!" थांबा. मनगटाखालचा हिरवा दिवा रक्ताचा प्रवाह बघतो, वीज नाही. तो किती ठोके ते सांगतो, कुठून ते नाही. काही घड्याळांत दुसऱ्या हाताचं बोट टेकवून ईसीजी काढता येतो; तो एकाच दिशेने बघतो, पण धडधड चालू असतानाची पट्टी सेव्ह झाली तर ती डॉक्टरांना दाखवायला सोन्यासारखी. घड्याळ नसेल तर तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, तेव्हा काय करत होतात, हे फोनमध्ये लिहून ठेवा आणि धडधड चालू असतानाच ईसीजी निघेल असं बघा. धावताना किंवा खेळताना शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर "टेन्शन असेल" या उत्तरावर घरी परत येऊ नका.

रूममेटचं काम साध्या, टेकणाऱ्या तारांनीच झालं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या नाक्यावर तिला एक जादा वाट होती, लाट तिथे गोल फिरायची. ती वाट बंद केली. माइन्सने सांगितलं तसं, कडं कापलं.

यंदा ती पुन्हा नदीपात्रात सरावाला जाते. कमरेला ढोल बांधला की तिच्या घड्याळावर आकडा दीडशेच्या वर जातो, आणि मी बाजूला बसून उगाच टरकते. ढोल खाली ठेवला की ती मनगट माझ्यापुढे धरते. एकशे छत्तीस. एकशे बावीस. एकशे आठ. "बघ," ती म्हणते, "कसा हळूहळू उतरतोय."